मैदानाबाहेरचे वस्ताद

#धागा
विषय थोडा अनोळखी आहे आणि धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातले गाव. तेलंगणाची सीमा हाकेच्या अंतरावर, आसपास कोळसा, सिमेंट आणि कापूस. या पट्ट्यात हिवाळ्याच्या रात्री गावोगावी दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने रंगतात. असा सामना आपण पाहिला असेल, तर रेषेबाहेर उकिडव्या बसलेल्या एका प्रौढ माणसाकडे आपले लक्ष कधी गेले आहे काय? त्याच्या अंगावर संघाचा गणवेश नसतो. पंचांच्या कागदावर त्याचे नाव नसते. मध्यंतरात मुले पाणी पिता पिता त्याच्याभोवती वाकून उभी राहतात आणि तो दोनच वाक्ये बोलतो. समोरचा चढाईपटू बोनस रेषेकडे जाताना मागचा पाय उशिरा उचलतो. डाव्या कोपऱ्याने घाई करू नये, पाय उचलला की झेप घ्यावी. पुढच्या चढाईत पकड होते. टाळ्या पकड करणाऱ्या मुलाला मिळतात, आणि त्या त्यालाच मिळायला हव्यात.

प्रश्न रेषेबाहेरच्या माणसाचा आहे. त्याचे पद काय? त्याच्या जाणकारीचे मोल कोण ठरवतो, आणि बक्षिसांच्या यादीत त्याचे नाव येते का?

आपल्या तालमींनी या माणसाला एक शब्द दिला होता: वस्ताद. हौद्याच्या कडेला बसून नजरेने कुस्ती शिकवणारा. आधुनिक क्रीडासंस्थांनी मात्र त्याला पदांच्या उतरंडीत बसवले, आणि त्या उतरंडीचा इतिहास फार रंजक आहे. तो सर्वांत ठळकपणे घडला अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये. तिथून सुरुवात करून आपण पुन्हा विदर्भातच येणार आहोत.

आधी एक खुलासा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, फेकून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत पुढे सरकण्याचा तो खेळ आहे. प्रत्येक चाल आधी आखलेली असते. मैदानावरच्या अकरा जणांपैकी कोणी कुठे धावायचे हे ठरलेले असते. दोन चालींच्या मध्ये खेळ थांबतो. म्हणजे हा खेळ निम्मा मैदानावर आणि निम्मा कागदावर खेळला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या सवयी ज्याने ओळखल्या त्याचे पारडे जड. १९४६ साली व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्लीव्हलँडचा संघ उभा करणाऱ्या पॉल ब्राउन यांनी सामन्यांच्या चित्रफितींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, सहायकांना वर्षभराच्या नोकरीवर ठेवले आणि प्रत्येक खेळाडूला चालीगणिक गुण देण्याची रीत पाडली. चित्रफीत पाहणारा माणूस हा तेव्हापासून या खेळाचा कणा झाला.

महाविद्यालयीन खेळांवर नियंत्रण ठेवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिचा जन्म १९०६ सालचा. विद्यापीठांमधली चढाओढ हाताबाहेर जाऊ नये म्हणून ती नियम करते. त्यांतला एक नियम प्रशिक्षकांच्या संख्येचा. एका फुटबॉल संघाला एक मुख्य प्रशिक्षक आणि ठरावीक सहायक. कित्येक वर्षे ही संख्या नऊ होती, २०१८ मध्ये ती दहा झाली. हेतू सरळ होता. श्रीमंत विद्यापीठाने वीस प्रशिक्षक ठेवले तर गरिबाने काय करावे?

पण नियमाने प्रशिक्षक मोजले. बाकीची माणसे मोजलीच नाहीत.

या पळवाटेकडे जाण्यापूर्वी तिची एक थोरली बहीण पाहू, कारण इतिहासाचा धागा तिथे अधिक जुना आहे. १९९१ मध्ये एनसीएएने खर्च आवरण्यासाठी बास्केटबॉलसह काही खेळांत प्रशिक्षकांचा एक नवा वर्ग निर्माण केला. नाव होते ‘मर्यादित उत्पन्नाचा प्रशिक्षक’. शैक्षणिक वर्षासाठी कमाल १२ हजार डॉलर, उन्हाळी कामासाठी ४ हजार, एकूण १६ हजार. या जागा शिकाऊ तरुणांसाठी आहेत, असा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेली अनुभवी माणसेच या वर्गात ढकलली गेली. काम तेच, पद नवे, पगार कापलेला.

बास्केटबॉलचे प्रशिक्षक नॉर्मन लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. अनेक संस्थांनी मिळून एका वर्गाच्या माणसांचा पगार बांधून टाकणे हे मक्तेदारीविरोधी कायद्याचे उल्लंघन आहे, असे कॅन्ससच्या संघीय न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. १९९८ मध्ये अपील न्यायालयानेही तेच मान्य केले. त्याच वर्षी ज्यूरीने ठरवलेली भरपाई कायद्यानुसार तिप्पट होऊन सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेली आणि अखेर १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा खटला लक्षात ठेवावा. पद हे कामाचे वर्णन असते, असा आपला समज असतो. इथे पद हे पगाराला लावलेले झाकण होते.

आता फुटबॉलकडे. २००७ मध्ये निक सेबन हे अलाबामा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. एक लाखाच्या आसपास प्रेक्षक बसतील असे विद्यापीठाचे क्रीडांगण, अफाट उत्पन्न आणि सेबन यांची तयारीची भूक. २००९ ते २०२० या काळात त्यांच्या संघाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. या यशाची कारणे पुष्कळ आहेत. खेळाडूंची निवड हे त्यांतले पहिले. पण आपल्याला हवे ते कारण खालच्या मजल्यावरच्या खोल्यांत बसलेले होते. तिथे ‘विश्लेषक’ बसत.

विश्लेषकाला नियमाने मैदानावर खेळाडूला शिकवायला मनाई होती. भरतीसाठी बाहेरगावी जायलाही मनाई. त्याने चित्रफिती पाहाव्यात, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चालींची वर्गवारी करावी, अहवाल लिहावा आणि तो पूर्णवेळ प्रशिक्षकांच्या हाती द्यावा. तरुण होतकरूंसाठीची ही नोकरी. सेबन यांनी तिथे काय केले? ज्यांनी पूर्वी स्वतः मोठ्या विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले होते, अशी माणसे त्या खुर्च्यांवर बसवली.

स्टीव्ह सार्किजियन हे वॉशिंग्टन आणि पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते. वैयक्तिक आयुष्यातील संकटाच्या काळात, ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्यांचे पद गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये ते अलाबामात विश्लेषक म्हणून रुजू झाले. चार महिन्यांनी, राष्ट्रीय अंतिम सामन्याच्या अवघ्या आठवडाभर आधी, आक्रमणाचे मुख्य सूत्रधार लेन किफिन बाहेर पडले आणि ती जबाबदारी थेट सार्किजियन यांच्याकडे आली. कालपर्यंत ज्याला मैदानावर बोलायची मुभा नव्हती तो माणूस ९ जानेवारी २०१७ रोजी देशातील सर्वांत मोठ्या महाविद्यालयीन सामन्यात चाली ठरवत होता. अलाबामा तो सामना क्लेमसनकडून ३१-३५ असा हरली, शेवटच्या एका सेकंदाच्या फरकाने. पण सार्किजियन यांचा परतीचा रस्ता खुला झाला. २०२१ मध्ये ते टेक्सास विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

माइक लॉक्सली २०१६ मध्ये विश्लेषक होते. डिसेंबर २०१८ मध्ये मेरिलँडचे मुख्य प्रशिक्षक. चार्ली स्ट्राँग, यापूर्वी टेक्सासचे मुख्य प्रशिक्षक, २०२० मध्ये इथेच विश्लेषक. अमेरिकी क्रीडापत्रकार या व्यवस्थेला थट्टेने प्रशिक्षकांचे पुनर्वसन केंद्र म्हणू लागले.

सगळ्यांत बोलका प्रसंग बुच जोन्स यांचा. टेनेसी विद्यापीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना काढले. करार शिल्लक होता, त्यामुळे टेनेसीने त्यांना ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम हप्त्याहप्त्याने देणे लागत होते. २०१८ मध्ये जोन्स अलाबामात आले. त्यांचा वार्षिक पगार? ३५ हजार डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण २४ लाख रुपये.

असे का, हे नीट पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील अशा अनेक करारांत अट असते की काढलेल्या प्रशिक्षकाने दुसरीकडे नोकरी धरली, तर तिथला पगार जुन्या विद्यापीठाच्या देण्यातून वजा होईल. म्हणजे नव्या ठिकाणी जास्त मागून प्रशिक्षकाचा फायदा काहीच नाही. वाचणार ते जुन्या विद्यापीठाचे पैसे. मग नव्या मालकाने थोडे द्यावे, अनुभवी माणसाने ते हसत घ्यावे आणि बिल प्रतिस्पर्ध्याने भरावे. टेनेसी आणि अलाबामा हे तर जुने वैरी! शत्रूच्या तिजोरीतून पगार घेणारा सल्लागार आपल्या दरबारात बसवणे, ही कल्पना आपल्या बखरींत शोभली असती.

इतर श्रीमंत विद्यापीठांनी हाच मार्ग धरला. फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलायना या दोन विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षक राहिलेले विल मसचँप २०२१ मध्ये जॉर्जियात विश्लेषक म्हणून आले. हंगामाच्या तोंडावर एका सहायकाची जागा रिकामी झाली आणि ते मैदानावर आले. जानेवारी २०२२ मध्ये जॉर्जियाने अंतिम सामन्यात अलाबामालाच ३३-१८ असे हरवले.

मला या व्यवस्थेचे कौतुक अर्धेच वाटते. पडलेल्या माणसाला पुन्हा उभे राहायला जागा मिळाली, हे खरे. पण ज्या खुर्चीवर पंचविशीतल्या मुलाने धंदा शिकायचा, तिथे माजी मुख्य प्रशिक्षक बसला तर त्या मुलाने जायचे कुठे? शिवाय प्रशिक्षकांची संख्या बांधून जी समता राखायची होती, ती दहा मोजलेल्या माणसांच्या मागे न मोजलेली डझनभर माणसे उभी राहताच कागदावरच उरली. मैदानावर न शिकवण्याची अट किती पाळली जाते, यावरही सतत कुजबुज होती. अखेर जून २०२४ मध्ये एनसीएएने हात टेकले आणि विश्लेषकांनाही सरावात व सामन्यात शिकवण्याची परवानगी दिली. भरतीसाठी बाहेर जाणाऱ्यांवरची मर्यादा तेवढी ठेवली. सेबन त्याच वर्षी जानेवारीत निवृत्त झाले होते.

आता परत विदर्भात येऊ.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो आहे. साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना नाही. मुंबई, कर्नाटक, दिल्ली यांच्यासमोर विदर्भ म्हणजे हमखास गुण देणारा संघ, अशी क्रिकेटमधली समजूत होती. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू ठरला. मुकुटबन-वणी भागातल्या खाणकामगारांच्या घरांत त्या बातमीचे मोल निराळे असणार, हे सांगायला नको.

विदर्भ क्रिकेट संघटनेने जो उपाय केला तो अमेरिकी उपायाच्या जवळचा आणि तरीही उलटा आहे. भारतात राज्यसंघाला बाहेरचे खेळाडू मोजकेच घेता येतात. प्रशिक्षक बाहेरून आणायला तशी आडकाठी नाही. विदर्भाने अनुभवी प्रशिक्षक बाहेरून आणले. पारस म्हांब्रे यांनी इथे काम केले. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित आले.

पंडित हे रमाकांत आचरेकरांचे शिष्य, भारताचे माजी यष्टिरक्षक. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन वेळा रणजी करंडक मिळवून दिला होता. २०१६-१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि मुंबईशी त्यांचे नाते संपले. टस्कलूसाच्या हिशेबाने पाहिले तर ते पद गेलेले मोठे प्रशिक्षक होते. पण विदर्भाने त्यांना मागच्या खोलीत बसवले नाही. मुख्य प्रशिक्षकाचे पद, पूर्ण अधिकार आणि कडक शिस्तीची मोकळीक दिली. छोट्या संघाकडे अनुभव लपवून ठेवण्याची चैन नसते.

रेषेबाहेरच्या माणसाचे काम मात्र त्या संघात दुसऱ्याच एका व्यक्तीने केले, तेही रेषेच्या आत राहून. वसीम जाफर २०१५ मध्ये मुंबई सोडून विदर्भाकडे आले होते. २०१६-१७ चा हंगाम दुखापतीत गेला, तरी संघटनेने त्यांचे कराराचे पैसे चुकते केले. पुढच्या वर्षी जाफर यांनी विना मानधन खेळण्याची तयारी दाखवली आणि तसेच खेळले. जोन्स यांचा ३५ हजारांचा पगार आणि जाफर यांचे शून्य मानधन शेजारी ठेवून पाहावे. दोन्हीकडे मोठे ज्ञान अल्प मोलात मिळाले. एकीकडे कराराच्या कलमामुळे, दुसरीकडे उपकाराची जाण ठेवल्यामुळे. कागदावर ते फलंदाज होते. पहिल्या स्लिपमध्ये उभे राहून आणि ड्रेसिंग रूममध्ये बसून ते जे शिकवत, त्यासाठी कुठले पद नव्हते.

त्या हंगामात उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकला अवघ्या ५ धावांनी हरवले. कर्नाटकच्या दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीने ६८ धावांत ७ बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध याच अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाने हॅटट्रिक साधली. अक्षय वाडकरने शतक केले. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गड्यांनी जिंकला आणि विजयी चौकार मारला जाफर यांनी. फैज फजल कर्णधार होता. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून विदर्भाने करंडक राखला, आणि चाळिशी ओलांडत असलेल्या जाफर यांनी त्या हंगामात हजाराहून अधिक धावा केल्या.

पंडित नंतर मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये त्या संघालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला, तोही मुंबईला हरवून. १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना त्याच बेंगळुरूच्या मैदानावर त्यांनी अंतिम सामना गमावला होता. विदर्भात मात्र त्यांच्या जाण्याने काम थांबले नाही. २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम केला. मुख्य प्रशिक्षक होते उस्मान घनी, विदर्भाचेच माजी खेळाडू. उसने आणलेले ज्ञान घरचे झाले, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पण पंडित आणि घनी यांची नावे निदान वर्तमानपत्रांत येतात. सुरुवातीचा प्रश्न त्यांच्याही मागे उभ्या असलेल्या माणसांचा होता. त्याचे उत्तर विदर्भाने करंडक जिंकला त्याच हिवाळ्यात, एका निराळ्या संघाच्या निमित्ताने मिळाले.

३ फेब्रुवारी २०१८. न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाला ८ गड्यांनी हरवून विश्वचषक जिंकला. कर्णधार पृथ्वी शॉ, मुख्य प्रशिक्षक राहुल द्रविड. मंडळाने बक्षिसे जाहीर केली: द्रविड यांना ५० लाख, प्रत्येक खेळाडूला ३० लाख, साहाय्यक चमूतील प्रत्येकाला २० लाख.

त्या चमूतली नावे पाहा. गोलंदाजी प्रशिक्षक पारस म्हांब्रे, म्हणजे विदर्भाचे जुने प्रशिक्षक. क्षेत्ररक्षणासाठी अभय शर्मा. फिजिओ योगेश परमार. प्रशिक्षण व तंदुरुस्तीसाठी आनंद दाते, मालिशतज्ज्ञ मंगेश गायकवाड. आणि चित्रफितींचे विश्लेषक देवराज राऊत. प्रतिस्पर्धी फलंदाजाचा पाय कुठे पडतो, हे पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहणारा माणूस. मुकुटबनच्या रेषेबाहेर बसलेल्या त्या गृहस्थांचा हा संगणकावरचा भाऊबंद.

द्रविड यांनी या वाटपाविषयी नाराजी कळवली. सर्वांनी सारखेच काम केले असेल तर मुख्य प्रशिक्षकाला अडीचपट का, असा त्यांचा मुद्दा होता. मंडळाने आकडे बदलले. द्रविड यांची रक्कम निम्मी झाली, इतरांची वाढली आणि चमूतील प्रत्येकाच्या नावापुढे एकच आकडा आला: २५ लाख. २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकानंतरही द्रविड यांनी इतर प्रशिक्षकांएवढीच रक्कम घेतली, ही बातमी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पायंडा २०१८ चा आहे.

त्या वेळच्या सुधारित यादीत आणखी एक बदल होता, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. न्यूझीलंडला गेलेल्या चमूपुरती ती यादी थांबली नाही. विश्वचषकाच्या आधीच्या वर्षभरात ज्यांनी या मुलांबरोबर काम केले होते, त्यांचीही नावे तीत घेण्यात आली. त्यांत एक नाव राजेश सावंत यांचे होते. ते संघाचे तंदुरुस्ती प्रशिक्षक होते आणि जानेवारी २०१७ मध्ये, विश्वचषकाच्या वर्षभर आधी, मुंबईत त्यांचे निधन झाले होते.